हात काढा!

शोकसभेत माणसं थोडंफार खोटं बोलतात, ते मी समजू शकतो. पण त्याला काही सुमार? कुसुमबाईंच्या शोकसभेत एक सद्गृहस्थ उभे राहिले, उपरणं सारखं केलं आणि म्हणाले, "बाईंना पाय नव्हते. पण या बुऱ्हाणपुराने त्यांना पायांची उणीव कधी भासू दिली नाही. आपण सगळ्यांनी त्यांना खांद्यावर उचलून धरलं!" टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! मी मागच्या ओळीत होतो. ताडकन उठलो, तोंड उघडलं, तेवढ्यात बायकोने धोतर ओढून खाली बसवलं. त्या दिवशी घशात अडकलं ते आज लिहून टाकतो.

एक तर बाईंना पाय होते. लहानपणी तापात गुडघ्यांखाली लुळे पडले, पण होते. आणि कुणी आपल्याला उचललेलं त्यांना मुळीच खपत नसे. गाडीला मागून कुणाचा हात लागला की मान न वळवता त्या म्हणत, "हात काढा." आवाज चढवत नसत. फारच कुणी लाडात येऊन "असू द्या हो बाई, पुण्य लागेल" म्हणालं, तर म्हणत, "पुण्य दुसरीकडे शोधा. मी बोचकं नाही." राहता राहिलं गावाने काय दिलं ते. हार दिले, नारळ दिले, दोन शाली दिल्या. रस्ता तेवढा मागून मागून थकल्या तरी धड दिला नाही.

गावाच्या जुन्या तटाला शनवारा नावाचा दरवाजा आहे, त्याच्या आत आमच्या गल्लीत बाईंचं घर माझ्या घरासमोर होतं. बाई आणि त्यांची आई, दोघीच. बाई माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या. पांढरं सुती पातळ, काठ जांभळे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. तळहात मात्र लोहाराचे. कारण त्यांची तीनचाकी. दरवाजापाशी अन्वर मिस्त्रींचं सायकलचं दुकान होतं. मिस्त्रींनी दोन मोडक्या सायकली आणि एक वेताची खुर्ची यांतून ती गाडी बनवली होती. पायडल हातांनी फिरवायचं. पुढे टांग्याची पितळी घंटा लावलेली, तिचा आवाज अख्ख्या बाजाराला ऐकू जाई. गाडी हाती देताना मिस्त्री म्हणाले होते, "बाई, गाडी तो मैंने बना दी. अब रास्ता कौन बनाएगा?" बाई ही गोष्ट सांगायच्या तेव्हा पुढे जोडायच्या, "गावात एकट्या मिस्त्रीला अक्कल आहे."

खडूचा एक तुकडा त्यांच्या पदराच्या गाठीत कायम असे. रस्त्यात खड्डा, उघडी नाली, कुणाचा पुढे सरकलेला ओटा, काही आडवं आलं की खुर्चीतून वाकून त्यावर पांढरं वर्तुळ काढायचं आणि आत माप लिहायचं. माप बोटांत. "चार बोटं." कुणी म्हणालं, बाई, चार बोटं म्हणजे काहीच नाही, की त्या म्हणत, "तुझ्यासाठी काही नाही. माझ्यासाठी तो असीरगड आहे." लोक ओटे धुऊन वर्तुळं पुसत. दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा काढत.

बाई आमच्याच गल्लीतल्या मुलींच्या मराठी शाळेत शिकवत होत्या. घरापासून पन्नास पावलं, सपाट. पण ती वर्षं जोडाजोडीची होती. संस्थानं जोडून झाली, मग भाषेवरून मुलूख कापून नव्याने जोडले. वऱ्हाड-नागपूर तिकडे मुंबईकडे गेलं, आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहिलो. राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली. कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, अर्जांचे नमुने बदलले, आणि त्याच झपाट्यात आमच्या गल्लीतली शाळा बंद करून दरवाजाबाहेर, लालबागच्या रस्त्यावरच्या मोठ्या शाळेत मिळवून टाकली. तिथे मराठीचा एक वर्ग राहील, पण वर्गाच्या बाई रोज घंटेच्या आधी हजर असल्या तरच. दुसरी मराठी बाई मिळणार नाही. एवढं सगळं एका कागदावर, चार ओळींत.

म्हणजे तीसेक मुलींचा मराठी वर्ग टिकणार की नाही, हे आता एका तीनचाकीवर येऊन ठेपलं. घर ते शाळा मैलभर अंतर. त्यात गाडी तीन ठिकाणी अडायची. गल्लीतली उघडी नाली, दरवाजातली उंच दगडी पट्टी आणि शाळेच्या अलीकडचा छोटा पूल, आमची पुलिया, जिची एक बाजू खचलेली होती. तीनही ठिकाणी कुणीतरी उचलल्याशिवाय गाडी पलीकडे जायची नाही. बाई तिथे थांबून राहत. हमाल येत, विणकर सायकलवरून उतरत, उचलत. वर्गासाठी बाई तेवढं सोसायच्या, पण त्या वेळी डोळे मिटून घ्यायच्या. दोनदा कुणीच मिळालं नाही, घंटा होऊन गेली, आणि शाळा तपासणाऱ्या साहेबांनी वहीत लाल शेरा मारला. तिसऱ्यांदा असं झालं तर वर्ग बंद.

"मधू," बाई मला म्हणाल्या, "तुझी कचेरी रस्ते बांधते ना?"

बांधत होती. नाव सांगत नाही. सांगून लाज कुणाला वाटणार आहे? मी तिथे बांधकामाच्या शाखेत कारकून होतो. कचेरी वरच्या मजल्यावर, जिना भिंतीसारखा उभा. एके दिवशी साडेअकराला खालून ठण् ठण् ठण् सुरू झालं. थांबेचना. मी खाली गेलो.

"बाई, अर्ज द्या, मी वर नेतो."

"अर्ज मी देणार, साहेबांच्या हातात. ते खाली येतात का मी वर येऊ?"

"तुम्ही कशा वर येणार?"

"मग झालं तर." आणि पुन्हा घंटा.

आमचे ओव्हरसियर जबलपूरकडून नवीनच बदलून आलेले, मोठ्या देहाचे. घामाघूम होऊन ते खाली उतरले. बाईंनी त्यांच्यापुढे एक गुंडाळी उलगडली. शाळेतला जुन्या प्रांताचा नकाशा होता तो. प्रांतच राहिला नाही म्हणून अडगळीत टाकलेला. त्याच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर मुलींनी गाव काढलं होतं. आमच्या गल्लीपासून दरवाजा, दरवाजापासून शाळा, तिथून पुढे स्टेशन, आणि दरवाजापासूनच दुसरा फाटा थेट राजघाटापर्यंत. रस्त्याच्या कडेने एक सलग पट्टी, चालणाऱ्यांची आणि सायकलींची. जिथे जिथे ती तुटत होती तिथे लाल पेन्सिल.

"ये सब आपके लिए?" साहेब म्हणाले.

"मेरे अकेली के लिए काहे को?" बाईंचं हिंदी असंच, आमच्या सगळ्यांसारखं. "केळ्याचे टोपले डोक्यावर घेऊन जो बायका चलती है, वो गाय-बैल के बीच में चलती है. विणकर लोग सायकल पे गिरणी जाते हैं, टांगेवाला उनको नाली में ढकलता है. बुड्ढे लोग घर में बैठ गए, क्यों कि उतरेंगे तो पडेंगे. मैं तो सिर्फ घंटी बजा रही हूँ."

साहेबांनी नकाशा मंजुरीला पाठवला. मी म्हणजे मीच, जुन्या सवयीने, लखोट्यावर नागपूर लिहिलं! तीन महिन्यांनी तो परत आला, हा विषय आता इथला नाही म्हणून. मग भोपाळ. भोपाळहून विचारणा आली की गावाचा नकाशा रद्द झालेल्या प्रांताच्या नकाशामागे का काढला, खुलासा करावा. खुलासा! मी तो कागद बाईंना वाचून दाखवला तेव्हा मला वाटलं रडतील. बाई हसल्या. मग म्हणाल्या, "एवढाले मुलूख यांनी जोडले. माझ्या घरापासून शाळेपर्यंत दोन हात रुंदीची पट्टी जोडता येत नाही? काहून?"

साहेब मनाने वाईट नव्हते. मंजुरीची वाट न बघता दुरुस्तीच्या कामात बसवून त्यांनी आमच्या गल्लीतली नाली सपाट दगडांनी झाकून घेतली. दगडांवर लाल रंगात आकडे टाकायचं काम माझ्याकडे होतं. आठ दिवस बाई दरवाजापर्यंत बिनघोर गेल्या. नवव्या दिवशी बघतो तर दगड दातांसारखे मधून मधून पडलेले! चोर कोण? सापडेना. कचेरीत चौकशी बसली.

बाईंनी चौकशी केली ती कानांनी. रविवारी सकाळी, कपडे धुवायच्या वेळी, त्या गाडी घेऊन गल्लीभर फिरल्या. मातीवर, जुन्या फळीवर कपडा आपटला तर एक आवाज येतो आणि नव्या सपाट दगडावर आपटला तर दुसरा. ज्या घरातून खणखणीत आवाज येई तिथे घंटा वाजे. "काकू, माझा रस्ता धुवून झाला का? झाला असेल तर द्या परत." आतून आवाज बंद. मी ओट्यावर बसून पोट धरून हसत होतो. मग गाडी आमच्याच दारात थांबली.

"शांता, माझा रस्ता धुवून झाला का वं?"

मी न्हाणीत डोकावलो. बायकोच्या हातात माझाच सदरा, खाली नवाकोरा दगड, आणि दगडाच्या कडेला लाल आकडा. माझ्या हातचा! पंधरा दिवस मी त्यावर उभा राहून आंघोळ करत होतो आणि कचेरीत जाऊन चौकशीचे कागद लिहीत होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला काय माहीत!" शांता माझ्यावरच उसळली. "नवं सरकार आलं, घरटी एकेक दगड वाटून राहिले असं वाटलं. समोरच्यांनी घेतला, बाजूच्यांनी घेतला, मी काय सोडून देऊ?"

बाई रागावल्या नाहीत, हे विशेष. त्या म्हणाल्या, "रस्ता आपला असतो हे कुणी सांगितलंच नाही हिला. ओटा आपला, न्हाणी आपली. दाराबाहेर सगळं सरकारचं, म्हणजे कुणाचंच नाही." तो दगड मी भरदिवसा उचलून जागेवर नेऊन ठेवला. गल्ली बघत होती. दुपारपर्यंत बाकीचेही आले.

राहिला दरवाजा. साहेब तिथे उतार करायला तयार नव्हते. जुना दरवाजा, त्याला हात लावला तर वरचे विचारतील. "और दो अंगुल की पट्टी है, मामूली चीज है," असं ते अन्वर मिस्त्रींच्या दुकानासमोर उभं राहून म्हणाले. तिथे बाई होत्या.

"चार बोटं आहे," बाई म्हणाल्या. "बसा."

"क्या?"

"बैठो, साहब. मामूली है ना?"

बाई हातांवर जोर देऊन मिस्त्रींच्या बाकावर सरकल्या. लोक जमले होते, साहेबांना माघार घेता येईना. ते वेताच्या खुर्चीत बसले, पायडल फिरवत निघाले. पट्टीला चाक लागलं. जोर लावला. चाक वर चढलं, क्षणभर तिथे डुगडुगलं, आणि गाडी साहेबांसकट मागे निघाली. मागे केळ्याची बैलगाडी. बैल बिथरले, टांगेवाला ओरडला, साहेब "अरे पकडो, पकडो" करताहेत, चारपाच जण धावले, आणि बाकावरून बाई कडाडल्या, "हात काढा! कुणी हात लावायचा नाही!"

माणसं जागच्या जागी थिजली. गाडी नालीच्या कडेला जाऊन आपोआप थांबली. साहेब उतरले, कपाळ पुसलं. पुढच्या आठवड्यात दरवाजाच्या दोन्ही बाजूंना मुरूम आणि दगडाचा उतार झाला, पुलियाची खचलेली बाजूही भरून निघाली, आणि रस्त्याच्या कडेची पट्टी शाळेपर्यंत सलग झाली. या माणसाला मी मानतो. स्वतः बसल्याशिवाय कळलं नाही, पण कळल्यावर न कळल्याचं सोंग त्याने केलं नाही. आमच्यातले बाकीचे रोज तिथून जात होते आणि सोंगच करत होते.

त्यानंतरच्या पहिल्या सकाळी मी बाईंच्या मागे चालत गेलो. हात पाठीमागे बांधून, चुकून पुढे जाऊ नयेत म्हणून. नाली गेली, दरवाजा गेला, पुलिया गेली. शाळेच्या फाटकात त्या थांबल्या, छाती धपापत होती. घंटा व्हायची होती. म्हणाल्या, "मधू, दम लागलाय रे. नुसता दम. उपकार कुणाचाच नाही." आणि डोळे भरून आले त्यांचे. बाईंना रडताना मी तेवढंच एकदा पाहिलं.

आता इथवर गावातले मोठे लोक कुठे होते? कुठेच नव्हते. रस्ता झाल्यावर मात्र त्यांना जाग आली. उद्घाटन हवं! मांडव घातला, बँड आणला. बाईंना व्यासपीठावर बसवायचं ठरलं, आणि व्यासपीठाला पायऱ्या. चौघांनी न विचारता खुर्ची उचलली आणि डोक्याएवढी उंच करून लोकांना दाखवली. बाईंचे ओठ मला दुरून दिसत होते. हात काढा, हात काढा. बँडच्या आवाजात ऐकतो कोण? शोकसभेतल्या त्या गृहस्थांचं खांद्यावर उचलणं ते हेच. चौघांतले एक तेच होते.

आणि त्यांनी कोनशिला बसवली. कुठे? पुलियाच्या तोंडाशी, चालायच्या पट्टीच्या बरोब्बर मधोमध! बाजूला बसवा म्हणून मी सुचवलं, तर उद्घाटन समितीचे एक सदस्य म्हणाले, "बाजूला ठेवली तर वाचणार कोण?" दगडाच्या दोन्ही अंगांना जी जागा उरली त्यातून माणूस आडवा होऊन गेला असता. सायकल गेली नसती. तीनचाकीचा तर प्रश्नच नव्हता, आणि शेजारची टांग्यांची वाट चाकोऱ्यांनी खणलेली. चालणाऱ्यांसाठी, पांगळ्यांसाठी बांधलेला रस्ता, त्यावर तसं कोरलेला दगड, आणि तोच दगड रस्ता अडवून उभा. अशी चूक करायला आमच्याच गावात जन्म घ्यावा लागतो.

दुसऱ्याच सोमवारी शाळा तपासणारे साहेब येणार होते. बाई वेळेत निघाल्या, वेळेत पुलियाशी आल्या, आणि दगडासमोर थांबल्या. मी सायकलवरून मागोमाग होतो. म्हणालो, "बाई, आजच्या दिवस उचलू द्या. वर्गाचा प्रश्न आहे."

"आज उचललंस तर हा दगड इथेच राहील. उद्या कोण, परवा कोण? तुझ्या न्हाणीतला दगड तू परत दिलास. हा कोण देणार?" मग पलीकडून येणाऱ्या एका मुलीला हाक मारून म्हणाल्या, "जा गं, वर्गाला बोलाव. पाट्या, सतरंजी, सगळं घेऊन या. हजेरीपटसुद्धा."

घंटा झाली तेव्हा मराठीचा अख्खा वर्ग पट्टीवर सतरंजी घालून बसला होता. बाईंनी छत्रीच्या टोकाने कोनशिला दाखवली. "वाचा." मुली तालात वाचू लागल्या. अमुक महोदय, तमुक महोदय. एकीने विचारलं, "बाई, 'कर-कमलों से' म्हणजे?"

"कमळासारख्या हातांनी."

"कमळासारखे म्हणजे कसे?"

"मऊ. काम न केलेले. पुढे वाच."

टांगे थांबले, केळ्याच्या गाड्या थांबल्या. तपासणारे साहेब रिकाम्या वर्गातून तरातरा बाहेर आले आणि गर्दीत उभे राहिले. त्यांनी हजेरीपट मागितला, वेळ पाहिली, एका मुलीला पाढे विचारले, आणि वहीत लिहिलं: वर्ग वेळेवर भरला, जागा अयोग्य, अडथळा काढावा. वर्ग वाचला. दगड? कोनशिला ठरावाशिवाय हलवता येणार नाही, अशी टिपणी कचेरीने केली. ती लिहिणारा हात माझाच. नोकरी होती, लिहिली.

चौथ्या दिवशी भर दुपारी आमच्या गल्लीतल्या बायका पुलियावर गेल्या. पुढे शांता, हातात अन्वर मिस्त्रींच्या दुकानातली पहार. दगड उपटायची त्यांना सवय होतीच! घटकाभरात कोनशिला उखडली, आणि घरी न नेता पुलियाच्या कडेला जी एक फट राहिली होती तिच्यावर आडवी बसवली. अक्षरं खाली. आमचे ओव्हरसियर येऊन बघून गेले आणि त्यांनी लिहिलं, कोनशिला सुस्थितीत आहे. बाई पुढची सगळी नोकरी तिच्यावरून गेल्या.

नकाशातला दुसरा फाटा, राजघाटाचा, तेवढा कागदावरच राहिला. तापीपासून हाकेच्या अंतरावर जन्मलेल्या बाई म्हणायच्या, "मी तापी लहानपणी तांब्यातूनच पाहिली. आई आणायची, कपाळाला लावायची." रस्त्याच्या टोकापर्यंत त्या जात, घाटाच्या पायऱ्यांपाशी थांबत, खाली पाणी बघत आणि परत येत. लोक म्हणत, चला, दोघं धरतो. बाईंचं उत्तर ठरलेलं. दर वर्षी त्या उताराचा अर्ज करत. शोकसभेत ठराव काय झाला माहीत आहे? राजघाटावर बाईंच्या नावाची कोनशिला बसवायची. पायऱ्यांच्या वर! मी शांताला सांगून ठेवलंय, पहार शोधून ठेव.

पण दुसऱ्यांवर चिडून मी किती दिवस सुटणार? बाई निवृत्त झाल्या होत्या, मी कचेरीत बडेबाबू, म्हणजे कारकुनांचा मुख्य, झालो होतो. जुने साहेब केव्हाच बदलून गेले होते. एकदा सकाळी खालून ठण् ठण् ठण् आलं. माझ्यापुढे वरचे दोन पाहुणे बसले होते, चहा आला होता. मी शिपायाला म्हणालो, "जा, बाईंकडून अर्ज घेऊन वर ये."

आजवर त्या घंटेला मी स्वतः खाली उतरत आलो होतो. घंटा थांबली. शिपाई कागद घेऊन आला. तेच टपोरं अक्षर: राजघाटाच्या पायऱ्यांशेजारी उतार करून मिळावा. तापीपर्यंत माझं मला जायचं आहे.

मी पाहुण्यांना तसंच सोडून जिना उतरलो, धावलो. तीनचाकी दरवाजाच्या उतारावर होती, घराकडे निघालेली. केस पांढरे झालेले, खांदे आळीपाळीने वर-खाली होत होते. चढ आता जड जात होता. मध्यावर गाडी थांबली आणि वीतभर मागे आली. मी धापा टाकत गेलो आणि खुर्चीला मागून हात लावला.

"हात काढा," बाई म्हणाल्या. परक्यांना म्हणायच्या त्याच आवाजात. मागे कोण आहे हे त्यांनी वळून पाहिलं नाही, आणि मी आहे हे सांगायचं धाडस मला झालं नाही.

मी हात काढला. गाडी तशीच थांबली होती. मग बाईंनी दोन्ही पायडलं घट्ट धरली, एकदा श्वास घेतला आणि चढल्या.